हार्ट अटॅक येऊन गेल्यावर बंद नस उघडायची का?

हार्ट अटॅक येऊन आठ दिवस झालेले असतात. रुग्ण आता उठून बसतो, चार पावले चालतो, छातीत दुखत नाही. मग अँजिओग्राफी होते आणि कळते की ज्या नसेमुळे अटॅक आला ती अजूनही पूर्ण बंद आहे. "स्टेंट टाकून नस उघडून घ्या," असा सल्ला मिळतो. घरचे लोक एकमेकांकडे बघतात. पैसे कुठून आणायचे, हा पहिला प्रश्न. पण त्याआधीचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : इतक्या उशिरा ही नस उघडल्याने रुग्णाला नेमका काय फायदा होणार आहे?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने शोधून ठेवलेले आहे. त्यासाठी दोन हजारांहून अधिक रुग्णांवर रीतसर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्येच प्रसिद्ध झाले आणि मोठ्या वैद्यकीय संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ते आले. तरीही ही माहिती आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचलेली नाही. म्हणून आम्ही हा विषय साध्या भाषेत मांडत आहोत.

मारुंजीसारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. मुळशी तालुक्यातले हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कला अगदी खेटून आहे. एका बाजूला टोलेजंग इमारती आणि दुसऱ्या बाजूला त्या इमारती बांधणारे, झाडणारे, राखणारे लोक. सुरक्षा रक्षक, हाऊसकीपिंगच्या महिला, कंपनीच्या गाड्यांचे चालक, बांधकाम मजूर, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणारे कामगार. यांत आपल्या समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. छातीत दुखले तर यातला माणूस लगेच दवाखान्यात जात नाही. पाळी सोडली तर खाडा पडतो. "पित्त झाले असेल" म्हणून एखादी गोळी घेतली जाते, सोडा प्यायला जातो, रात्र काढली जाते. त्यामुळे उशिरा आलेला रुग्ण, म्हणजेच या लेखाचा विषय असलेला रुग्ण, आपल्याकडेच जास्त सापडतो.

अटॅकमध्ये नेमके काय होते

हृदय हा एक स्नायू आहे. त्याला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य नसा असतात. वर्षानुवर्षे या नसांच्या आतल्या भिंतीत चरबीचा थर साठत जातो. एके दिवशी त्या थराला तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि नस एकदम बंद होते. त्या नसेवर अवलंबून असलेला स्नायूचा भाग रक्तावाचून मरू लागतो. हाच हार्ट अटॅक.

स्नायू एका क्षणात मरत नाही. साधारण अर्ध्या तासात मरायला सुरुवात होते. आधी आतला थर मरतो, मग मरण बाहेरच्या थराकडे सरकत जाते. पहिल्या काही तासांतच बहुतेक नुकसान होऊन जाते. बारा तासांनंतर वाचवण्यासारखे फारच थोडे उरते. मेलेल्या स्नायूच्या जागी पुढच्या काही आठवड्यांत व्रण तयार होतो. जखम भरल्यावर त्वचेवर राहतो तसाच हा व्रण असतो. तो आकुंचन पावत नाही, म्हणजे रक्त पंप करण्याचे काम करत नाही.

शेताचे उदाहरण घेऊ. कालवा फुटून पाणी बंद झाले आणि त्याच दिवशी दुरुस्ती केली, तर पीक वाचते. पंधरा दिवसांनी पाणी सोडले तर कालवा भरून वाहील, पण करपलेले पीक पुन्हा उभे राहणार नाही. अटॅकच्या वेळी नस उघडणे आणि पंधरा दिवसांनी उघडणे यांत हाच फरक आहे.

लवकर उघडण्याचा फायदा किती?

याबद्दल शंका नाही. इटलीत ११ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये आले, गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे इंजेक्शन वापरले गेले. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात ज्यांना ते मिळाले, त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. सहा तासांनंतर ज्यांना मिळाले, त्यांना फायदा दिसला नाही. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात दिसले की नुसत्या ॲस्पिरिननेही मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटतात आणि ॲस्पिरिन व स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिल्यास ४२ टक्क्यांनी. ॲस्पिरिनची गोळी आजही अगदी किरकोळ किमतीला मिळते.

नंतर अँजिओप्लास्टी आली. हाताच्या किंवा मांडीच्या नसेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, फुगा फुगवून बंद जागा उघडतात आणि ती पुन्हा बुजू नये म्हणून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. अटॅक चालू असताना, पहिल्या बारा तासांत, चांगल्या केंद्रात केलेली अँजिओप्लास्टी हा आज सर्वांत उत्तम उपचार मानला जातो. या वेळी डॉक्टरांनी "ताबडतोब घ्या" म्हटले तर घरच्यांनी वेळ घालवू नये. पुढे आम्ही जे लिहिणार आहोत ते या वेळेला लागू नाही, हे आधीच ठळकपणे सांगतो.

मग उशिरा उघडल्यास?

लवकर उघडल्याचा फायदा सिद्ध झाल्यावर अनेक डॉक्टरांना वाटू लागले की उशिरा का होईना, नस उघडी असलेली बरी. त्यामागे तर्क होता. ज्यांची नस आपोआप उघडलेली आढळे ते रुग्ण जास्त जगत, असे निरीक्षण होते. रक्त पोहोचले तर व्रण नीट भरेल, हृदय फुगून मोठे होणार नाही, ठोके बिघडणार नाहीत, उद्या दुसरी नस बंद पडली तर ही नस आधार देईल, असे मांडले गेले. ऐकायला सगळे पटण्यासारखे. जगभरात उशिरा स्टेंट टाकले जाऊ लागले.

पण पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. केवळ तर्काला धरून आहे म्हणून किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका, ती तपासून घ्या, हा कालामांना दिलेला उपदेश आपल्या वाचकांना नवा नाही. वैद्यकशास्त्रात असे तपासण्याची एक पद्धत आहे. सारख्या अवस्थेतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एका गटाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि काही वर्षे दोन्ही गटांकडे लक्ष ठेवायचे.

नेमके हेच करण्यात आले. न्यूयॉर्कच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. ज्युडिथ हॉकमन यांच्या नेतृत्वाखाली 'ऑक्लुडेड आर्टरी ट्रायल', थोडक्यात 'ओएटी', हा अभ्यास अनेक देशांतल्या रुग्णालयांत झाला. पैसा अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने दिला होता. अटॅक येऊन ३ ते २८ दिवस झालेले, नस पूर्ण बंद असलेले, पण स्थिर असलेले २,१६६ रुग्ण त्यात होते. अर्ध्या रुग्णांना औषधे अधिक स्टेंट, अर्ध्यांना फक्त औषधे. निष्कर्ष डिसेंबर २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात आले.

चार वर्षांच्या हिशोबात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा गंभीर हार्ट फेल्युअर यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण स्टेंट गटात १७.२ टक्के होते आणि फक्त औषधांच्या गटात १५.६ टक्के. म्हणजे स्टेंटने फायदा झाला नाही. दोन आकड्यांतला फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे, त्यामुळे स्टेंटने नुकसान झाले असेही म्हणता येत नाही. पुन्हा अटॅक येण्याचे प्रमाण स्टेंट गटात ७.० टक्के आणि औषध गटात ५.३ टक्के होते. हाही फरक ठामपणे बोलण्याइतका मोठा नव्हता, पण स्टेंटमुळे पुढचा अटॅक टळतो, या समजुतीला त्यातून आधार मिळाला नाही. स्टेंट गटात सुरुवातीला छातीत दुखण्याची तक्रार थोडी कमी होती, नंतर तो फरकही पुसट होत गेला. याच रुग्णांचा आणखी काही वर्षे पाठपुरावा करून २०११ मध्ये पुन्हा आकडे मांडले गेले. चित्र तेच राहिले.

याच अभ्यासाच्या एका भागात ३८१ रुग्णांची एक वर्षाने पुन्हा अँजिओग्राफी करण्यात आली. स्टेंट टाकलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांची नस उघडी होती. फक्त औषधे घेतलेल्यांपैकी २५ टक्के लोकांची. म्हणजे स्टेंटने त्याचे काम चोख केले होते, नस उघडी ठेवली होती. पण हृदयाचे पंपिंग दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच सुधारले होते. नस उघडणे आणि हृदय सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. अँजिओग्राफीच्या पडद्यावर 'आधी' आणि 'नंतर'चे चित्र पाहून घरच्यांना हायसे वाटते. पण पडद्यावर नस दिसते. त्या नसेपुढचा स्नायू जिवंत आहे की व्रण झाला आहे, ते त्या चित्रात दिसत नाही.

असे का होत असावे?

एक कारण वर आलेच आहे : वाचवण्यासारखा स्नायू उरलेला नसतो. दुसरे कारण शरीराच्या स्वतःच्या सोयीचे आहे. मुख्य रस्ता बंद झाला की गावातल्या आडवाटा रुंद होतात, तशा शेजारच्या नसांमधून बारीक वाटा तयार होऊन बंद नसेच्या पुढच्या भागाला थोडे रक्त मिळू लागते. मुख्य नस उघडली की या आडवाटांचा वापर थांबून त्या आक्रसू शकतात. मग स्टेंट पुन्हा बुजला तर आधाराला काही उरत नाही. तिसरे कारण, स्टेंट टाकताना जुन्या गुठळीचे कण पुढे वाहत जाऊन बारीक नसांत अडकू शकतात. शिवाय प्रत्येक प्रक्रियेचे स्वतःचे धोके असतातच : रक्तस्राव, किडनीवर डायचा परिणाम, स्टेंटमध्ये गुठळी.

मार्गदर्शक सूचना काय सांगतात

अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या २०१३ च्या सूचनांनुसार, अटॅकला २४ तास उलटून गेले आहेत, नस पूर्ण बंद आहे, एक किंवा दोनच नसांचा आजार आहे, रुग्णाला त्रास नाही, रक्तदाब आणि ठोके स्थिर आहेत आणि हृदयाला रक्त कमी पडत असल्याची गंभीर लक्षणे नाहीत, तर ती नस उघडण्याची अँजिओप्लास्टी करू नये. युरोपच्या २०१७ च्या सूचनांमध्ये हीच मर्यादा ४८ तासांची आहे. १२ ते ४८ तासांच्या मधल्या काळात मात्र नस उघडण्याचा विचार करावा, असे युरोपच्या सूचना म्हणतात, कारण या काळात काही स्नायू वाचल्याचे एका लहान अभ्यासात दिसले होते.

सूचना आल्या म्हणून व्यवहार लगेच बदलला असे नाही. अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले की ओएटीचे निष्कर्ष आणि सुधारित सूचना येऊनही उशिरा स्टेंट टाकण्याचे प्रमाण म्हणण्यासारखे घटले नव्हते. त्यामागे प्रत्येक वेळी पैशाचा लोभच असतो, असे आम्ही म्हणणार नाही. बंद दिसलेली नस तशीच सोडून देणे डॉक्टरलाही अवघड जाते आणि नातेवाईकांनाही. "काहीतरी करा" हा आग्रह बहुतेक वेळा आपल्याच बाजूने असतो.

कोणाला उशिरा देखील नस उघडणे गरजेचे असते

हा भाग नीट वाचावा. ओएटीचा निष्कर्ष सगळ्यांना लागू नाही. पुढील परिस्थितीत अटॅकनंतर उशिरा देखील अँजिओप्लास्टी किंवा बायपास गरजेचे असू शकते :

१. बसल्या जागी किंवा थोड्या श्रमाने छातीत पुन्हा दुखू लागले असेल.

२. दम लागणे, फुप्फुसांत पाणी, रक्तदाब खूप उतरणे किंवा जीवघेणे ठोके बिघडणे सुरू असेल.

३. नस पूर्ण बंद नसून अरुंद असेल आणि तिच्यातून रक्त जात असेल. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळालेल्या रुग्णाची नस अनेकदा अशी अर्धवट उघडते. अशा रुग्णाला २४ तासांच्या आत अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे, असे सूचना सांगतात. यात दिरंगाई करू नये.

४. डावीकडची मुख्य नस किंवा तिन्ही नसा खराब असतील. असे रुग्ण ओएटीमध्ये घेतलेच नव्हते.

५. अटॅक आलेल्या नसेव्यतिरिक्त दुसऱ्या नसेत मोठा अडथळा असेल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,०४१ रुग्णांच्या अभ्यासात, असे दुसऱ्या नसांतले अडथळे उघडल्याने पुढचे अटॅक कमी झाले.

६. तपासणीत जिवंत स्नायूच्या मोठ्या भागाला रक्त कमी पडत असल्याचे दिसले असेल.

म्हणजे "उशीर झाला, आता काही करू नका" असा आमचा सल्ला नाही. निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे. पण तो कशाच्या आधारावर घेतला जातो आहे, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना आहे.

डॉक्टरांना काय विचारावे

कागदावर लिहून न्यावेत असे काही प्रश्न आम्ही देत आहोत :

– अटॅक कधी आला, आणि आता किती तास किंवा दिवस झाले?

– नस पूर्ण बंद आहे की थोडे रक्त जाते? ती अटॅकची नस आहे की दुसरी?

– टू-डी इकोमध्ये पंपिंग किती आहे? त्या भागातला स्नायू जिवंत आहे का, की व्रण झाला आहे?

– स्टेंट टाकल्याने आयुष्य वाढणार आहे की त्रास कमी होणार आहे? आता त्रासच नसेल तर फायदा कोणता?

– औषधांवर ठेवून एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासले तर चालेल का?

– अँजिओग्राफीची सीडी आणि सगळे रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला मिळतील का?

रुग्ण स्थिर असेल आणि अटॅकला काही दिवस झाले असतील, तर दुसरे मत घेण्याइतका वेळ असतो. "आत्ताच सही करा" असे कोणी म्हटले, तर आत्ताच का, ते समजावून घ्यावे. कधी त्याला खरेच कारण असते. ते कारण सांगता आले पाहिजे.

पैसा कुठे खर्च व्हावा

स्टेंटच्या किमती पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी असा स्टेंट लाखाच्या वर विकला जात असे. पण ही मर्यादा फक्त स्टेंटच्या किमतीला आहे. कॅथलॅब, डॉक्टर, खोली, फुगा आणि इतर साहित्य यांचे बिल वेगळे लागते.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने ही योजना सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षण वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटावे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआय लागू असलेल्या आस्थापनेतल्या कामगाराला ईएसआयचे संरक्षण असते. कंत्राटी कामगारांच्या पगारातूनही त्याची कपात होते. आपला ईएसआय क्रमांक घरात सर्वांना माहीत असावा. अटॅकच्या रात्री तो शोधत बसायला लागू नये.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. खर्च योजनेतून होणार आहे म्हणून गरज नसलेला स्टेंट फुकट होत नाही. स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे बरेच महिने न चुकता घ्यावी लागतात, आणि ती मध्येच बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. शिवाय "स्टेंट टाकला, आता मी बरा झालो" असा समज होऊन माणूस औषधे आणि पथ्य सोडतो.

खरा फायदा औषधांतच आहे. ओएटीमध्ये फक्त औषधांवर असलेले रुग्ण तग धरून राहिले, कारण त्यांना औषधे पूर्ण आणि नियमित मिळत होती. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी, हृदयावरचा ताण कमी करणारी बीटा ब्लॉकर आणि एसीई इन्हिबिटर गटातली औषधे ही या उपचाराची मुख्य अंगे. ती डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच घ्यावीत. जन औषधी केंद्रात यांतली बरीच औषधे स्वस्तात मिळतात. यासोबत तंबाखू, मिसरी, गुटखा, बिडी पूर्ण बंद. बीपी आणि शुगर ताब्यात. डॉक्टरांच्या परवानगीने रोजचे चालणे. कर्ज काढून उशिरा टाकलेल्या स्टेंटमुळे पुढच्या वर्षाची औषधे परवडेनाशी झाली, तर ते कुटुंब दोन्हीकडून बुडते.

उशीरच होऊ नये म्हणून

उशिरा काय करावे, या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर म्हणजे उशीरच होऊ न देणे. भारतातील ८९ रुग्णालयांतल्या २० हजारांहून अधिक हृदयरुग्णांची 'क्रिएट' नावाची नोंदवही २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार मोठ्या अटॅकच्या रुग्णांना रुग्णालयात पोहोचायला साधारण सहा तास लागत होते. रुग्णवाहिकेतून आलेले रुग्ण शंभरात जेमतेम पाच. गरीब रुग्णांना योग्य उपचार कमी मिळत होते आणि त्यांच्यातले मृत्यू श्रीमंतांपेक्षा जास्त होते. हा फरक आजाराच्या प्रकाराचा नव्हता, मिळालेल्या उपचारांचा होता, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ही पाहणी आता जुनी झाली, पण आपल्या वस्तीत बघितले तर चित्र ओळखीचे वाटते.

हे बदलता येते. तमिळनाडूत लहान रुग्णालये आणि मोठी केंद्रे जोडून, लहान ठिकाणीच ईसीजी काढून गुठळीचे इंजेक्शन देण्याची आणि मग रुग्ण पुढे पाठवण्याची व्यवस्था उभी केली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलेले दिसले. यात कुठलेही नवे औषध नव्हते. फक्त वेळ वाचवला होता.

आपल्याकडे काय करता येईल? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका आहे. छातीच्या मधोमध दाब, जळजळ किंवा दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम लागणे, उलटीची भावना : हे पंधरा-वीस मिनिटे राहिले तर पित्त समजून बसू नये. मधुमेही आणि महिलांमध्ये दुखणे कमी आणि दम किंवा थकवा जास्त, असेही होते. १०८ ला फोन करावा. रुग्णाने स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर १०८ वरील डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिन चावून घ्यावी. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र मनाने घेऊ नये. रक्तदाब आधीच कमी असेल तर ती घातक ठरते.

मारुंजी-हिंजवडीची वाहतूक सकाळ-संध्याकाळ कशी असते, हे सांगायला नको. म्हणूनच लांबच्या नावाजलेल्या रुग्णालयाच्या मागे लागण्याआधी जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे आधी तो काढून घ्यावा. दहा मिनिटांत कळते. अटॅक असेल तर जवळ अँजिओप्लास्टीची सोय कुठे आहे, ती नसेल तर इंजेक्शन कुठे मिळते, हे आधीच माहीत हवे. आपल्या भागातल्या अशा रुग्णालयांची, त्यांत फुले योजना आणि ईएसआय चालते की नाही याची यादी करणे हे एका दुपारचे काम आहे.

ही यादी आपल्या विहारात लावता येईल. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे अटॅकची लक्षणे आणि १०८ बद्दल बोलता येईल. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या तरुणांनी आपापल्या पाळीतल्या सहकाऱ्यांना सांगता येईल की छातीत दुखत असेल तर खाडा पडला तरी चालेल. ज्या घरात आज अटॅकनंतरचा रुग्ण आहे, तिथे वर दिलेले प्रश्न कागदावर उतरवून पुढच्या तपासणीला न्यावेत, आणि लिहून दिलेल्या गोळ्या आजच्या तारखेपर्यंत घेतल्या आहेत की नाही, तेवढे आज रात्रीच बघावे.